काटकोन

ऑस्ट्रेलियाचा भूपट्ट मी नऊ हजार त्रिकोणांत कापलाय.
ॲडलेडमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या घरघरीत
कडांना एकेक बल लावत जाते:
वर हिमालय, तो अडवतो.
न्यू गिनी अडवते, पण तिरकी.
जावाखाली बुडालेली किनार
ओल्या पदरासारखी सगळ्याला खाली ओढते.
दक्षिण समुद्रातला कणा मागून रेटतो,
न्यूझीलंड कुशीत कोपर खुपसतं,
आणि तळाशी किती घर्षण, हे कुणालाच ठाऊक नाही,
तिथे मी एक आकडा टाकते आणि चहाला जाते.

बेरीज शून्य यायला हवी.
नाही आली तर स्क्रीनवर अख्खा खंड
भोवऱ्यासारखा गिरकी घेतो
आणि शेजारच्या टेबलावरून इफिजेनिया म्हणते,
थिया, तुझं आज पुन्हा सुटलं.

पट्ट चाललाय उत्तरेला, जरासा पूर्वेकडे कलून,
वर्षाला सात सेंटिमीटर.
आणि पोटात, फ्लिंडर्सच्या डोंगरांत, तो चेपला जातो
पूर्व-पश्चिम.
जायचंय कुठे, दाब कुठून.
त्यावर माझी चार वर्षं गेली.

आता माझे बाण बहुतेक जागी जुळतात.
एका बोअरपाशी एकतीस अंश चुकतात.

म्हणून हॉकरला गेले, मर्व्ह पॅस्कोकडे.
ब्याऐंशी साली ती बोअर त्याने पाडली होती.
साडेचार तास. लाल माती, मेलेला कांगारू,
छप्पर नसलेलं दगडी घर, मेलेला कांगारू.
तो फाटकापाशी उभा होता, मी वाट चुकेन असं धरून.

बिस्किटांच्या डब्यातून वही निघाली.
"भोक गोल पाडलं होतं आम्ही.
नऊशे मीटरवर ते लांबट झालं.
साहेबाने मला झापलं. म्हणाला, दारू पिऊन खणतोस."
कुठल्या अंगाला लांबट?
"उत्तर-दक्षिण. जराशी तिरकस."

मग मी त्याला सांगितलं, जे मी विद्यार्थ्यांना सांगते:
दाब ज्या दिशेने येतो त्या दिशेची भिंत टिकते.
ढलपे निघतात काटकोनात.
खडक तिथे फुटत नाही जिथून त्याला ढकललं जातं.

त्याने किटली ठेवली. गॅस पेटवायला विसरला.
"डल्सी जुलैत गेली," तो म्हणाला.
"मी रडलो नाही. टिपूस नाही.
पण गाडी चालवता येईना.
हायवेला लागलो की स्टिअरिंगवरचे हात
कुणा दुसऱ्याचे वाटायचे.
पोर्ट ऑगस्टाच्या डॉक्टरने डोळे तपासले."

मी काही बोलले नाही.
गॅस मीच पेटवला.

स्वयंपाकघराच्या भिंतीत एक तडा होता,
आणि त्याच्या कडेने पेन्सिलच्या रेघा, तारखा,
जशी मुलांची उंची लिहितात.
दर धक्क्यानंतरची एक.
सगळं एकाच अक्षरात, बारीक, मागे झुकलेलं.
शेवटची नोंद नऊ मार्च.

त्यानंतर हलला नाही?
"हलला असेल," तो म्हणाला. "ते खातं तिचं."

निघताना सुचलं, खरं तर पहिल्यांदाच विचारायला हवं होतं:
वहीतली उत्तर होकायंत्राची, की खरी?
"होकायंत्राची. दुसरी कुठली असते?"
इकडे सुई सात अंश पूर्वेला वळते.
एकतीसातून सात गेले.
चोवीस उरले.

गाडी वळवताना खिडकीतून दिसला:
ड्रॉवर उघडत होता, बंद करत होता, पुढचा उघडत होता.
मला वाटलं किल्ल्या शोधतोय.
मग तो तड्यापाशी गेला, चष्मा कपाळावर सरकवून,
हातात पेन्सिलचा एवढासा तुकडा,
आणि बराच वेळ
काही न लिहिता उभा राहिला.