हल

या शहराचं नाव हल.
मराठीत ही आज्ञा झाली,
पण इथे ती कुणाला कळत नाही.

हल सपाट आहे, पोळपाटासारखं.
चढ म्हणाल तर रेल्वेचा एक पूल,
बाकी सगळा चढ वाऱ्याचा.
अशा गावात सायकल चालवायला
खरं तर कुणाची परवानगी लागू नये.

मग कुणीतरी ऑफिसात बसून
कॉर्डेल रोडच्या डाव्या कडेला पांढरी रेघ ओढली.
हँडलपेक्षा चार बोटं रुंद.
आत सायकलीचं चित्र काढलं.
चित्रातली मावली.
आमची मावत नाही.

औषधांच्या दुकानापाशी रेघ सुरू होते,
बसथांब्याच्या पोटातून जाते,
गटाराच्या जाळीवरून (फटी नेमक्या चाकाच्या दिशेने),
मंगळवारी कचऱ्याच्या डब्यांतून,
आणि मग मधोमध खांब.
विजेचा. करडा. नंबर एकोणतीस.
आधी खांब की आधी रेघ, यावर वाद आहेत.
खांब म्हणेल, मी तर इथेच होतो.

पुढे बावीस पावलांवर पाटी : सायकलस्वारांनी उतरावे.
तिच्या पायाशी डांबरावर एकच शब्द,
माणसाएवढ्या अक्षरांत : समाप्त.
टाळ्या मागचा ट्रक वाजवतो, हॉर्नने.

क्लिफर्ड पूर्वी गोदीत मासे तोलायचा.
आता खिशात टेप घेऊन फिरतो,
रेघ मोजतो, पत्रं लिहितो.
कौन्सिलचं उत्तर आलं :
मार्गाची एकूण लांबी उद्दिष्टापेक्षा जास्त भरली आहे.
त्याने ते फ्रिजवर लावलंय.
योआना लोकांची जेवणं पोचवते,
ती रेघेकडे बघतही नाही,
वरातीच्या घोड्यासारखी रस्त्याच्या मधून जाते
आणि शिव्या रुमेनियनमध्ये देते, म्हणजे तक्रार होत नाही.
मी भित्री. मिरजेत भाड्याच्या सायकलीवर
दांडीखालून पाय घालून शिकलेली.
खांबाच्या तीन घरं आधी मागे बघते,
उजवा हात बाहेर काढते,
पोटातला गोळा पोटात ठेवून
गाड्यांत शिरते,
आणि सहा वीसला लॅबमध्ये
इतरांच्या रक्ताच्या नळ्या
अगदी स्थिर हातांनी लावते.

आम्हाला नाचता येतं हो.
अंगणच वाकडं आहे.

जानेवारीत एका रात्री बर्फ पडला.
रेघ गेली. पाटी पांढरी झाली. समाप्त बुजलं.
मी निघाले तेव्हा दोनतीन सायकली
आधीच जाऊन गेल्या होत्या,
त्यांच्या खुणा होत्या :
थांब्यापासून हातभर लांब,
जाळी सोडून,
खांबाच्या कितीतरी आधीपासून
अलगद बाहेर येणारा वळसा,
पाणी दगडाला घालतं तसा,
आणि पुढे सरळ,
जिथे उतरायचं तिथे कुणीच उतरलेलं नाही.

मी माझं चाक त्या खुणेत घातलं.
काहीच करावं लागलं नाही.

खांबापाशी क्लिफर्ड वाकून टेप धरून होता,
नाक लाल, हातमोजे दातांत.
"दीड मीटर," तो म्हणाला,
"बघ. एवढंच मागत होतो."
त्याला फोटो काढायचा होता,
थंडीने फोन बंद पडला. माझा घरी.
आम्ही दोघं नुसते बघत राहिलो,
लग्नातली रांगोळी
पाय पडायच्या आत बघून घ्यावी तसे.

दहाला मीठ टाकणारी गाडी आली.
दुपारी रेघ पुन्हा वर,
ओली, स्वच्छ, काही झालंच नाही अशी.

संध्याकाळी परतताना एकोणतीस नंबरपाशी
मागे कुणी गाडी नव्हती.
मी थांबले, एक पाय खाली टेकला,
घंटी वाजवली,
आणि त्याला गावाचं नाव
मराठीत सांगितलं.