फोन करू नये

खाण बंद पडली तेव्हा केप ब्रेटनच्या आमच्या गावात
जुन्या फर्निचरच्या दुकानात हेडफोन आले, चाळीस.
बाप समुद्राखालचा कोळसा खणायचा,
मी लोकांच्या संध्याकाळी खणते.

आमच्याकडे साडेआठ, नेब्रास्कात साडेसहा:
ताटात बटाटे वाढले जातात, तीच आमची वेळ.
“मी मोराग, भाजलेल्या मुलांच्या इस्पितळासाठी बोलतेय.”
चौथ्या ओळीनंतर थांबायचं. तसं लिहिलेलंच आहे.
मग पन्नास म्हणायचं, मग तीस, मग पंधरा.
पंधराला माणूस लाजतो.

त्या पंधरातले मुलांपर्यंत किती जातात
हे मी सुपरवायझरला एकदाच विचारलं.
पुढच्या आठवड्यात माझी शिफ्ट बदलली.

या हाताचं दान त्या हाताला कळू नये म्हणतात.
आमच्याकडे यादी विकली जायची,
चाळीस हातांना कळायचं.

आयनार लिंडक्विस्ट, वय सत्त्याऐंशी,
दर वेळी दहा डॉलर आणि अकरा मिनिटं कोंबड्या:
कुठली खुडूक, कुठलीला कोल्ह्यानं नेलं,
बायको असताना त्यांना नावं होती, आता नाहीत.
अकरा मिनिटं म्हणजे माझा बोनस गेला.
तरी मी घड्याळावर कागद ठेवायचे.

मग नियम आला. एकदा कुणी ‘नको’ म्हणालं
की नाव पुसायचं, नाहीतर दंड.
त्या रात्री फोन लेकीनं उचलला. ओरडली नाही.
बाबांच्या खणात पावत्या सापडल्या म्हणाली, सदतीस संस्थांच्या,
त्यातल्या दोन कुठेच नाहीत.
“गॅसचं बिल थकलंय. नाव काढा.”
कानाला खडा लागला, हेडफोनच्या आत.
मी नऊ दाबलं. ओळ लाल झाली.

बरोबरच होतं तिचं.
आणि उन्हाळ्यात इस्पितळानं रात्रीची एक नर्स कमी केली,
तेही पत्र भिंतीवर लावलंय, कॉफीच्या यंत्राशेजारी.
यंत्र नाणं घेतं. कॉफीचं सांगता येत नाही.

आता निम्म्या खुर्च्या रिकाम्या आहेत.
परवा माझा दिवा आपणहून पेटला.
बाहेरून येणाऱ्या फोनसाठी आमच्याकडे मजकूर नसतो.
“बरेच दिवस झाले,” लाल ओळ म्हणाली,
“पैसे नाहीत गं आता. पण त्या तपकिरीनं अंडी धरलीत.”

सुपरवायझर काचेमागून बघत होता.
मी विचारलं, किती?