कडी

हर्णैला सकाळचा लिलाव उठला
की यष्टीच्या थांब्यावर मी पाटी पालथी घालून बसते.

आज दोन पोरी. नवीकोरी चपला, दोघींत एक पिशवी.
सोबत मुकादम.
कोळंबी सोलायचं काम, म्हणतो, राहायला खोली.

मलाही खोलीच सांगितली होती.

मी एवढंच विचारते त्याला, सगळ्यांदेखत:
खोलीची कडी कुठल्या बाजूनं?

हसला. मग हसेना.

पोरींना सगळं सांगत नाही.
चार वर्षं भरती कधी, ओहोटी कधी
कळलं नाही गं,
एवढंच.

थोरली तरीही चढली.
गाडीचा नंबर बर्फाच्या वहीत लिहिलाय,
दापोलीला फोन लागतोय,
लागतोय.

धाकटी माझ्या पाटीवर बसलीय.
अजून बोलत नाही माझ्याशी.