पिशवी

शहरातून आली ती प्लास्टिकची होती,
बाहुलीच्या गालासारखी गुलाबी,
भागांची नावं कोरलेली, सगळी स्पॅनिश.
पिकअपच्या टपावर, बटाट्याच्या पोत्यांखाली
ती तिसऱ्याच वळणाला फुटली.
बरं झालं, एउसेबियो म्हणाला,
तिला बघून पोरी नुसत्या हसायच्या.

मी आईचा जुना वीपील मागितला,
लाल, काखेत विरलेला.
कशाला, म्हणाली. सांगितलं.
दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी वीपील माझ्या उशाशी,
धुतलेला, बाह्या उसवून ठेवलेला.

त्याची पिशवी शिवली. पोटात मेंढीची लोकर.
दोन बाजूंना दोन नळ्या, टोकांना दोन पुरचुंड्या,
पुरचुंडीत काळा घेवडा.
महिन्याला एक दाणा, असं सांगायला सोपं.
हलवली की खुळखुळते.

शाळेमागे, थंडीत, बोललेलं वाफेसारखं दिसतं तिथे,
अकरा मुली, चार मुलगे, एक कुत्रं.
आणि दाराशी, न बोलावता, दोन्या बेनवेनुता,
चारशे बाळंतपणं झालेले हात पदराखाली.
तिनं पिशवी उचलली, अंगठ्यानं चाचपली,
वाफेच्या खोलीत, अंधारात, बाईचं पोट चाचपते तशी.
"मान लांब केलीस," आमच्या माममध्ये म्हणाली,
"आणि अशी ताठ उभी नसते ती.
पुढे झुकलेली असते,
कपाळपट्टीला मोळी अडकवून चढ चढणाऱ्या बाईसारखी."
तिनं कधी पाहिलेली नाही. एकदाही.
मी तिथेच टाके उसवले.

आरोग्यकेंद्रात नर्स स्पॅनिशमध्ये विचारते,
बाया म्हणतात, सी.
सी म्हणजे हो.
सुईला हो, गोळीला हो,
कागदावरच्या अंगठ्याला हो,
काय विचारलं ते न कळता हो.
म्हणून आम्ही आधी "नाही" शिकवतो.
मोठ्यानं म्हणायला लावतो.
पहिल्यांदा कुणाच्याच तोंडून निघत नाही,
कुत्रं तेवढं भुंकतं.

एउसेबियो मुलांना निरोध कणसावर चढवून दाखवायचा.
त्याचे आजोबा काठी घेऊन आले:
मक्याची थट्टा नको, बाकी काय ते कर.
आता तो खालच्या बाजारातून केळी आणतो,
परवडत नाहीत तरी.
रविवारी पाद्र्यानं भोंग्यावरून आमचं नाव घेतलं नाही.
सगळ्यांना कळलं.

त्या दिवशी सगळे गेले, नार्सिसा थांबली, चौदाची.
बाकं उचलू लागते म्हणाली.
बाकं उचलून झाली. तिनं परत मांडली.
मग म्हणाली, एका मैत्रिणीचं विचारायचंय.
मी पिशवी तिच्या हातात दिली.
ती कापडावरून दाणे मोजत राहिली,
एक, दोन, मागे, पुन्हा एक,
एका दाण्यापाशी बोट थांबलं
आणि निघेचना.

पहाटेच्या पिकअपनं आम्ही दोघी गेलो.
पुढचं इथे लिहीत नाही.
ते तिचं आहे.

परतताना पिशवी चिखलात पडली.
घरी दाणे काढून घेतले (भिजले तर मोड यायचे),
धुतली, दोरीवर टाकली
बाबांच्या लाल पट्ट्यांच्या विजारीशेजारी.
बाबा बटाट्याच्या रानातून आले. बघत उभे राहिले.
हे काय?
मी सांगितलं. आपल्याच भाषेत,
जो शब्द आई फक्त आजारपणात,
तोही कुजबुजत वापरते, तो वापरून.
त्यांनी कुदळ भिंतीला टेकवली.
ऊन तोवर दोरीच्या पलीकडच्या टोकाला सरकलं होतं.
बाबांनी चिमटा काढला,
पिशवी तिकडे उन्हात नेऊन लावली,
मान खाली, नीट,
आणि हात धुवायला गेले.