फुकटचं दळण

सम्यकनं फोन हातात दिला, म्हणाला,
मावशी, पाह्य, एक पैसा लागत नाई.
मंग त्याइचं पोट कशावर, मी विचारलं.
बावीस वर्षं गिरणी चालवते.
फुकट दळून देणारा अजून भेटलेला नाही.

काळ्या पडद्यापुढे एक बाई उभी होती,
पायात सपाट बूट, हातात कागद नाही.
समुद्रातल्या आठ हातांच्या प्राण्याबद्दल सांगत होती,
प्रत्येक हाताला म्हणे स्वतःची अक्कल.
पट्टा चालू होता, आवाज कुठला यायला.
खालून मराठी अक्षरं सरकत होती,
ती वाचता वाचता
तुळसाबाईच्या ज्वारीत मी बेबीताईचा गहू ओतला.
दोघींनी मिळून माझा उद्धार केला.
तो अजून चालू आहे.

दुपारी अडीचला लाइन जाते.
पट्टा सुस्कारा टाकून थांबतो,
पिठाची धूळ हळूहळू खाली बसते.
गिरडच्या टेकडीकडे तोंड केलं तर दोन काड्या रेंज,
थोड्या वेळानं टॉवरही मान टाकतो.
म्हणून सम्यक रात्रीच सगळं फोनमध्ये भरून ठेवतो,
पेरणीआधी बियाणं आणून ठेवावं तसं.
त्या शांततेत मी त्या बाईचा आवाज पहिल्यांदा ऐकला.
मला वाटलं होतं त्याहून घोगरा निघाला.

दुसऱ्या एकानं सांगितलं,
आवाजाला आवाजानंच गप्प करता येतं.
येणाऱ्या लाटेच्या उंचवट्यावर
तेवढाच खड्डा नेऊन ठेवायचा, झालं सपाट.
तुळसाबाई म्हणाल्या, म्हंजे भांडणासारखं?
नाही हो, भांडणात उंचवट्यावर उंचवटाच चढतो.
मी मोटरीकडे बघितलं. दहा हॉर्सपॉवर.
एवढा खड्डा कुठून आणू?
डाव्या कानानं मला आता कमी येतं,
हे त्या माणसाला सांगायचं होतं,
पण तो बोलून झालं की निघून जातो,
टाळ्या सोडून.

आता लाइन गेली तरी बाया घरी जात नाहीत.
पायलीला टेकून फोन उभा, भोवती डबे, डब्यांवर बाया.
परवा कापूस वेचणारं यंत्र दाखवलं.
त्याला डोळा आहे, बोट आहे,
ऊन लागत नाही, पाणी मागत नाही.
कुणी काही बोललं नाही.
बेबीताईनं स्वतःची बोटं पाहिली,
बोंडाच्या टोकांनी नखाजवळ सोलवटलेली,
आणि फोनला विचारलं,
कवडी वायली काढते का रे तो?
फोनमधला माणूस पुढच्या चित्राकडे वळला होता.
मग तिनं तो उलटा ठेवला
आणि दोन दिवस गिरणीत आली नाही.
दळण सुनेच्या हाती पाठवलं.

दळणात घट असते, हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगते.
क्विंटलमागे किलो-दीड किलो
कुठं जातं म्हणाल तर माझ्या केसांत, भिंतीवर, हवेत.
या फुकटच्या दळणात माझी घट किती
ते काट्यावर दिसत नाही.
रात्री झोप येत नाही एवढं खरं.
आठ हात आठ वाटेनं विचार करत राहतात.

तिसऱ्या दिवशी बेबीताई आली.
फोन मी काढणार तोच म्हणाली,
राहू दे त्याले. आज तू सांग.
दगडाले टाकी कायले मारतेस तू दर शनिवारी?
मी पदराला हात पुसले.
हातात कागद नव्हता, पायात चप्पलही नव्हती.
म्हटलं, दगड गुळगुळीत झाला
की दाणा फक्त तापतो, फुटत नाही.
पीठ करपटतं.
म्हणून त्याला जखमा द्याव्या लागतात,
मधून कडेकडे, आणि कडेला बारीक होत जाणाऱ्या,
आणि वरच्या नि खालच्या...

लाइन आली.
मोटर गरजली, पट्टा सुटला.
मी बोलतच राहिले.
कुणाला काही ऐकू येत नव्हतं.
बेबीताई डब्यावरून पुढे वाकून
माझे ओठ वाचत होती.