वायसर

चार आण्याचं नाणं व्हर्नियरवर एकोणीस मिलीमीटर भरलं.
पुढचं सोपं होतं.
वागळे इस्टेटमधली रात्रपाळी, फोरमन डबा खाऊन पेंगलेला,
लेथवर मी,
दाराशी पहाऱ्याला हिलरी परेरा.
पितळेचा पहिला तुकडा मशीनच्या घशात अडकला,
ॲल्युमिनियमचा त्यानं थुंकूनच टाकला.
स्टेनलेसचा गिळला.
आत कुठंतरी खट्, मग काचेमागे तो हात,
तबकड्यांच्या रांगेतून नेमकी एक उचलणारा,
पोस्टातला जुना सॉर्टर न बघता पाकीट उचलतो तसा.

भोक न पाडलेले वायसर. दर शनिवारी खिशात सहा.

स्टेशनपासून चार दुकानं सोडून खोदादादचं हॉटेल.
तिथं गाण्यांची नावं आम्ही कधी घेतली नाहीत.
सी-दोन हिलरीचं, त्यात ट्रम्पेट.
ए-अकरा टांगेवाल्या बशीरचं, भयंकर रडकं,
ते लावून तो बिड्या मोजत बसे.
आपलं लागायच्या आधी लोकांची तीन-चार ऐकावी लागत.
मला आज जी गाणी पाठ आहेत
ती बहुतेक दुसऱ्यांच्या पैशांची.

आणि बी-सात.
फॅमिली रूमच्या झुलत्या दाराखालून
एक चप्पल दिसायची,
डावीचा अंगठा हिरव्या दोऱ्यानं शिवलेला.
बी-सात लागलं की ती टाच हलायची.
एवढंच.
एवढ्यासाठी मी दीड वर्ष कंपनीचं स्टेनलेस चोरलं.

कॅसेटा आल्या. मशीन न्यायला टेम्पो आला.
चौघांनी उचललं, तरी उंबऱ्यावर एक कोपरा खरवडला.
खोदादादनं मला गल्ल्यापाशी बोलावलं,
बिस्किटांची बरणी पुढं सरकवली. गच्च भरलेली.
कंपनीचा माणूस हिशेबाला यायचा, त्याच्या आदल्या रात्री
हा पेटी उघडून माझे काढायचा, आपले खरे टाकायचा.
"तुझा माल," म्हणाला. "फिनिशिंग बरा हाय."
मी पगाराचं पाकीट काढलं, त्यानं बघितलंही नाही.
"पैसा ठेव. ते पिचका गाना कोणासाठी लावते, ते बोल."
मी बोललो. चपलेसकट.
तो हसला नाही. चष्मा पुसत राहिला.
"ती बाय? ती मला विचारायची,
शेठ, मशीनमंदी एकच गाना हाय काय?"

म्हणजे ती टाच.
म्हणजे दीड वर्ष ती टाच.

हिलरी गेला तेव्हा चरईत त्याच्या घरी
कोटाच्या खिशात मी एक सरकवला. सी-दोनसाठी.
बाकीच्यांना हळूहळू भोकं पडली:
दोन पंख्याला, एक कुकरच्या मुठीला,
जेवणाच्या टेबलाच्या तोकड्या पायाखाली तीन
मात्र अजून बिनभोकाचे.

परवा नातू म्हणाला, आबा, कुठलंही गाणं सांगा,
फोनला नुसतं नाव सांगायचं.
मी म्हटलं, बी-सात.
फोननं जीवनसत्त्वाच्या गोळ्या दाखवल्या,
घरपोच, उद्या दुपारपर्यंत.
नातू लोळून हसला. मीही.
मग तो म्हणाला, निदान चाल तरी म्हणून दाखवा.
मी टेबलाखाली पाय नेला
आणि नुसती टाच हलवत राहिलो.