कुशीवर

डेप्टफर्डला आमच्या इमारतीभोवती काळं कुंपण आहे.
त्याच्या दांड्यांना दोन्ही टोकांशी बाक आलेत,
कुणी गुडघ्यावर धरून वाकवावेत तसे.
पाच वर्षं मी त्याला सायकल बांधली.
वाटायचं, एखाद्या लॉरीने ठोकलं असेल.
प्रत्येक चौकटीला? तेही इतकं मोजूनमापून?
हे मनात आलं नाही. दिवसभर मी लोकांची हाडं बघते,
घरी परतताना काही बघायचं उरत नाही.

विनिफ्रेड टॅप्सेल, तळमजला, वय सत्त्याऐंशी,
कचऱ्याची पिशवी खाली ठेवत म्हणाली,
"हे कुशीवर झोपलेत. मनात उताणं कर एकेकाला."
मी केलं.
आणि जाळी पाठीखाली आली, बाकांचे पाय झाले,
दोन्ही टोकांना चार मुठींची जागा उघडी पडली.

स्ट्रेचर.
लढाईच्या वेळी रणगाड्यांसाठी म्हणून
इथली जुनी कुंपणं करवतीने कापून नेली.
लढाई संपल्यावर लाखांनी उरली ही,
तेव्हा उभी करून जोडली, काळा रंग मारला,
आणि लोक आपापल्या दाराशी भाजी निवडायला बसले.
पोलादाचीच का, तर विषारी वायू येणार होता,
मग नळीने धुऊन लगेच पुढच्याला घेता आलं असतं.
वायू आला नाही.
बाकी सगळं आलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या तेमीने अठरा सेकंदांचा व्हिडिओ टाकला.
रात्रीत अकरा लाख लोक आमच्या फाटकाशी येऊन गेले.
एकाने जाळीच्या तारा मोजल्या.
एकाने खोटं ठरवलं, सावली चुकीच्या बाजूला पडते म्हणे.
कुणी भाव विचारला, कुणाला दिवाणखान्यात लावायचं होतं.
उचलली जीभ, लावली टाळ्याला, इथे तर जीभही लागत नाही.
खूप खाली एकाने फक्त लिहिलं होतं:
लिलियन, वय नऊ, मंगळवार.
त्यावर कुणाचाच अंगठा नव्हता.

मग कौन्सिलचे गॅड्सबी आले, पिवळं जाकीट, हातात टॅबलेट.
गंजलंय. मुलांना लागेल. हिरवं नवं बसवू.
तेमीने सह्या गोळा केल्या, चार हजार दोनशे सहा,
त्यातल्या आमच्या गल्लीतल्या एकोणीस.
विनिफ्रेडने सही केली नाही.

"चव्वेचाळीस साली यातल्या एकावरून मी आले,
एकावरून लेन. माझं थांबलं दवाखान्यापाशी.
त्याचं पुढे गेलं."
एवढंच. मग तिने चहा ओतला, दूध आधी घालून,
आणि गॅसच्या बिलाविषयी बराच वेळ बोलली.

दुकानात जाताना ती कुंपणाला हात लावत जायची,
प्रत्येक चौकटीला, एकही न चुकवता.
मला वाटायचं, आधार घेते.

फेब्रुवारीत ती बर्फावरून घसरली, तिथेच, फाटकाशी.
अँब्युलन्सवाल्यांचं स्ट्रेचर नारिंगी, प्लास्टिकचं,
मधोमध उघडून माणसाखाली सरकवायचं.
"हलकं आहे की," ती म्हणाली, कौतुकाने.
आमच्याकडे चार खांदे लागतात, ते शेवटचे.
इथे दोघांनी भागलं,
आणि त्यातला एक तर मिसरूडही न फुटलेला.

खुब्याचा फोटो मीच काढला.
"श्वास रोखा," मी म्हणाले, सगळ्यांना म्हणते तसंच.
तिने रोखला, आणि मी सोडा म्हणायला
जरा उशीर केला.

कौन्सिलची नोटीस अजून कुंपणाला लटकते आहे,
प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली, पावसाने अक्षरं धुपलेली:
तारीख नंतर कळवू.
व्हिडिओ आता कुणी बघत नाही.
तेमी परीक्षेच्या अभ्यासाला लागली आहे.

मी सायकल समोरच्या दिव्याच्या खांबाला बांधते.
थोडं लांब पडतं.
पाठीला कुलूप लावणं बरं नव्हे.